दोन सेंटिमीटर

फुटपाथ नेमका कुठे संपतो, हा प्रश्न चाळिशीपर्यंत मला कधी पडला नाही. पायांना ते आपसूक कळायचं. कड आली की गुडघा वाकायचा, पाऊल खाली पडायचं आणि डोकं त्या वेळी भलतीकडेच असायचं. ताईला व्हीलचेअर लागली आणि मग या कडेशी माझी ओळख झाली. ती काही फार चांगल्या प्रसंगाने झाली नाही.

रस्ता ओलांडायचा होता. समोर उतार होता, म्हणजे फुटपाथची कड तोडून रस्त्यापर्यंत नेलेली सिमेंटची घसरण. मला वाटलं, चला, सोय आहे. मी खुर्ची मागून धरली होती आणि सिग्नल बदलेल म्हणून जरा घाईतच होते. रस्त्यावर नुकताच डांबराचा नवा थर चढला होता आणि तो उताराच्या टोकापेक्षा बोटभर वर येऊन थांबला होता. असेल दोन सेंटिमीटर. उभ्या माणसाच्या नजरेत भरणार नाही एवढी ती पायरी. व्हीलचेअरची मागची चाकं मोठी असतात, ती पुष्कळ सोसतात; पुढची दोन मात्र लहान, स्वतःभोवती गरागरा फिरणारी. ती अडली. खुर्ची थांबली, ताई थांबली नाही.

कोपर खरचटलं, त्यापलीकडे काही झालं नाही. दोन अनोळखी माणसांनी धावत येऊन तिला उचललं, "सांभाळून न्या हो त्यांना" असं मला बजावलं आणि ते निघून गेले. ताईशी कुणी एक शब्द बोललं नाही. नीट बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मला विचारून ढकल. आणि अशा जागी उलटं उतरायचं असतं. मोठी चाकं आधी." त्यानंतर तिची खुर्ची मी न विचारता धरलेली नाही. मोकळ्या हातांचं काय करायचं हे मात्र मला बरेच दिवस कळत नव्हतं.

तेव्हापासून मी उतार बघायला लागले. बघायला म्हणजे मोजायला. फोनमध्ये पातळी दाखवणारं ॲप असतं. ते उघडायचं, फोन सिमेंटवर आडवा ठेवायचा आणि आकडा वाचायचा. येणारे-जाणारे टकमक बघतात. बघू देत. बऱ्याच देशांत उताराचं जे प्रमाण मानतात ते एकास बारा: एक सेंटिमीटर चढायचं तर बारा सेंटिमीटर लांबी हवी. पंधरा सेंटिमीटर उंच कड असेल तर एक मीटर ऐंशी सेंटिमीटरचा उतार. कागदावर हे फार सौम्य वाटतं. हातांनी चाकं फिरवणाऱ्याला विचारा. एकास बारा म्हणजे आराम नव्हे. सोसवेल असं ते शेवटचं टोक आहे. त्यातही जागा अपुरी पडली की उतार आखडता घेतला जातो, आणि मग तो उतार राहत नाही, घसरगुंडी होते.

दुसरा आकडा मला ताईने शिकवला. पाणी वाहून जावं म्हणून फुटपाथ रस्त्याच्या बाजूला किंचित कललेला असतो. अमेरिकेच्या नियमांत हा आडवा कल एकास अठ्ठेचाळीसपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे साधारण दोन टक्के. चालणाऱ्याला दोन टक्के काय आणि पाच टक्के काय, सारखंच. खुर्चीला फरक पडतो. ती सतत खालच्या बाजूला, म्हणजे वाहनांच्या बाजूला, ओढ घेते. ताई एका हाताने ढकलते आणि दुसऱ्याने आवरते. थोडं अंतर असं गेलं की तिचा एक खांदा भरून येतो. "तुम्ही सरळ चालता," ती म्हणते, "मला सरळ जाण्याची मजुरी करावी लागते."

तिसरी भानगड पायथ्याशी. उतार खाली येतो आणि मधोमध फुगीर असलेला रस्ता तिथून लगेच वर जायला लागतो. दोन्ही कल जिथे भेटतात तिथे एक खळगा होतो. रस्त्याचा कल पाच टक्क्यांच्या वर गेला की खुर्चीची पाय ठेवायची पट्टी डांबराला घासू लागते. पाऊस पडला की पाणी साचणार तेही तिथेच, कारण अख्ख्या कोपऱ्यातली सगळ्यांत खोल जागा ती. आपण डबक्यावरून उडी मारतो. उतार ज्यांच्यासाठी केला, त्यांना उडी मारता येत असती तर उतार कशाला लागला असता?

इथपर्यंत माझं गणित सोपं होतं. कड वाईट, उतार चांगला, आणि उतार जितका गुळगुळीत तितका उत्तम. शाळेपासूनच्या एका मित्राने ते बिघडवलं. तो दृष्टिहीन आहे आणि पांढरी काठी घेऊन एकटा सगळीकडे फिरतो. एकदा आम्ही तिघं एका नव्याने बांधलेल्या चौकात गेलो होतो. तिथला उतार पाहून ताईचा चेहरा खुलला. रुंद, संथ, तळाशी पायरी नाही, खळगा नाही. फुटपाथ कधी संपला आणि रस्ता कधी लागला याचा पत्ता लागू नये असा. ती झरकन खाली गेली, वळली आणि मला म्हणाली, "हे बघ, उतार असा करतात."

मित्र तिच्या शेजारीच उभा होता. त्याने शांतपणे विचारलं, "आपण अजून फुटपाथवरच आहोत ना?"

तो रस्त्यात उभा होता. काठी डावीकडून उजवीकडे फिरत कड शोधत होती आणि कड कुठेच नव्हती. मला त्या क्षणी जे कळलं ते नंतर मी अभियंत्यांच्या पुस्तकांतही वाचलं, पण त्या प्रश्नाइतकं लख्ख कुठेच नव्हतं. ताईच्या वाटेतला अडथळा ही त्याच्या काठीची खूण होती. इथवर तुझं, इथून पुढे गाड्यांचं, असं सांगणारी. तिच्यासाठी आपण अडथळा फोडला आणि त्याच घावात त्याची खूण फोडली.

त्या दिवशी दोघांची चांगलीच जुंपली.

"ताई, माझ्यासाठी थोडीशी कड ठेव."

"थोडीशी म्हणजे किती?"

"काठीला लागेल एवढी."

"अरे, काठीला लागेल ती चाकालाही लागेल!"

मी मध्ये पडले नाही. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघंही बरोबर असतात तिथे मध्यस्थाला काम नसतं.

हेच भांडण जपानमध्ये आकड्याने मिटवलेलं आहे. तिथे ओलांडण्याच्या जागी फुटपाथची कड रस्त्यापासून दोन सेंटिमीटर वर ठेवतात. हे तिथलं ठरलेलं प्रमाण आहे. काठीला आणि तळव्याला कळेल इतकी उंच, चाक कसंबसं चढेल इतकी बुटकी. ब्रिटनमध्ये कल दुसरीकडे: उतार रस्त्याशी सपाट हवा, फार तर सहा मिलिमीटरची सूट. दोन्हीकडचे अभियंते हुशार आहेत आणि दोन्हीकडची माणसं सारखीच आहेत. मी ताईला जपानचा आकडा सांगितला तेव्हा ती हसली. "मला पाडणारी पायरीसुद्धा दोनच सेंटिमीटरची होती की!" मग जरा थांबून म्हणाली, "पण ती कुणी ठरवली नव्हती. ती राहून गेली होती." मित्राला जपानचा आकडा आवडला, ताईला ब्रिटनचा. माझं मत कुणी विचारलं नाही. असतं तर मी ब्रिटनच्या बाजूने दिलं असतं, एका अटीवर.

ती अटही जपानमध्येच जन्मली. सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये उंचवट्यांची एक फरशी तयार केली. बुटातूनही तळव्याला वाचता येईल अशी. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळच्या रस्त्यावर, त्या फरशा पहिल्यांदा बसल्या. आज जगभरातल्या स्थानकांवर आणि चौकांत दिसतात. लिपी दोनच अक्षरांची आहे. लांब पट्ट्या म्हणजे या दिशेने चल. गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. पिवळा रंगही उगाच नाही. दृष्टिहीन म्हणून ज्यांची गणना होते त्यांतल्या बहुतेकांना थोडंफार दिसतं, उजेड दिसतो, रंगांतला फरक दिसतो, आणि राखाडी फुटपाथवर पिवळा पट्टा त्यांना दुरून हाक मारतो.

दोन अक्षरांची लिपी, पण त्यातही आपण शुद्धलेखनाच्या चुका करतो. खांबात जाऊन धडकणाऱ्या पट्ट्या मी पाहिल्या आहेत. वळणावर ठिपक्यांऐवजी पट्ट्याच बसवलेल्या पाहिल्या आहेत. फरशीचा रंग इमारतीला शोभत नाही म्हणून राखाडी ठिपके राखाडी फुटपाथवर बसवलेले पाहिले आहेत. बसवणाऱ्याला ती नक्षी वाटते. वाचता न येणाऱ्याने पाटी रंगवावी तसं.

तेव्हा माझी अट अशी: कड काढायची असेल तर तिच्या जागी ठिपके हवेत, आणि पुरेसे हवेत. अमेरिकेत ठिपक्यांची ही पट्टी चालण्याच्या दिशेने चोवीस इंच, म्हणजे साधारण साठ सेंटिमीटर असावी लागते. त्याहून अरुंद पट्टी लांब टांगेच्या माणसाच्या पायाखाली एकदाही येत नाही. तो ती न कळता ओलांडून जातो. ठिपके जेमतेम पाच मिलिमीटर उंच. मित्राच्या तळव्यांना तेवढे पुरतात. ताईच्या खुर्चीत मात्र ते चाकातून, सळईतून, थेट पाठीत चढतात आणि तिच्या पायांत पेटके आणतात. म्हणजे पुन्हा तेच. त्याला मिळालेली खूण तिला खडखड देते. पण यावर ताईने कधी वाद घातला नाही. "खडखड मी सहन करते," ती म्हणाली, "पडणं नाही." तडजोड म्हणतात ती ही असावी. कुणीच पूर्ण खूश नाही आणि रस्त्यात कुणी उभं नाही.

आणखी एक बारकावा सांगते, कारण तो फार कमी जणांच्या लक्षात येतो. चौकाच्या कोपऱ्यावर दोन रस्ते ओलांडायचे असतात, म्हणून उतारही दोन हवेत, प्रत्येक झेब्रा पट्ट्यांच्या समोर एक. पैसे वाचवायचे म्हणून बरेचदा कोपऱ्याच्या नाकावर एकच तिरका उतार करतात. तो कुठल्याच रस्त्याकडे तोंड करत नाही. त्याचं तोंड असतं चौकाच्या मधोमध. ताईला खाली उतरून रस्त्यातच वळावं लागतं, आणि मित्र उताराच्या दिशेवरून पुढची दिशा धरतो, तर उतारच त्याला गाड्यांच्या गर्दीत पाठवतो.

मग प्रश्न येतो निघायचं कधी.

डोळस माणसाला सिग्नल म्हणजे दिवा. माझा मित्र कित्येक वर्षं सिग्नल ऐकत आला आहे. आपल्याला समांतर असलेल्या रस्त्यावरची वाहनं सुटली, इंजिनांचा आवाज चढला, की निघायचं. ही युक्ती शिकवली जाते, तिचा सराव करून घेतात, आणि साध्या चौकात ती छान चालते. पण चौक साधे राहिले नाहीत. वळणाऱ्यांसाठी वेगळा बाण आला. विजेवरच्या गाड्या आल्या, उभ्या असताना ज्यांचा श्वासही ऐकू येत नाही. आणि एक खरोखर चांगली सुधारणा आली: पादचाऱ्यांना गाड्यांच्या आधी काही सेकंद हिरवा दिवा द्यायचा, म्हणजे वळणाऱ्या चालकाला माणसं आधीच रस्त्यात दिसतात. पण तेवढे सेकंद चौकात इंजिनाची चाहूल नसते. मित्र गाड्या सुटण्याची वाट बघत उभा, आणि त्याच्यासाठी राखलेले सेकंद निघून चाललेले. तो निघतो तेव्हा वळणारी गाडीही निघते. एकाची सुधारणा दुसऱ्याच्या वाटेत, हे इथेही सुटलं नाही.

म्हणून सिग्नलला आवाज हवा. पण कसला? जपानमध्ये एका दिशेला कुक्कूची साद आणि दुसऱ्या दिशेला पिलाची चिवचिव लावण्याची पद्धत रुळली. अमेरिकेतही अशीच पाखरं खांबांवर बोलत होती. ऐकायला गोड. अडचण अशी की झाडांवर खरे पक्षीही असतात. शिवाय कुठली साद कुठल्या दिशेची हे लक्षात ठेवायचं, आणि चौकात आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे हेही आधीच ठाऊक असायचं. आता अमेरिकेत पक्ष्यांऐवजी कोरडी, जलद टकटक पसंत करतात, सेकंदाला आठ-दहा ठोके. दोन रस्त्यांसाठी दोन वेगळे खांब, एकमेकांपासून निदान तीन मीटर लांब. ज्या खांबातून टकटक, त्या खांबाचा रस्ता मोकळा. पाठांतराची गरज नाही.

दिवा लाल असतानाही खांब गप्प नसतो. सेकंदाला एकदा तो हलकेच टिक करतो: मी इथे आहे, बटण इथे आहे. ही टिक दोन-चार मीटरवरून ऐकू आली की झालं. चांगली यंत्रं आजूबाजूचा कोलाहल मोजून आवाज वाढवतात आणि रात्री उतरवतात. तरीही झोपमोड होते अशी तक्रार कुठेतरी होतेच. रात्रभर वाजणारे हॉर्न ज्यांच्या अंगवळणी पडतात, त्यांनाच ही टिक कशी टोचते, हे मला उमगलेलं नाही. बटणावर उंचावलेला एक बाणही असतो. ओलांडायची दिशा तो बोटांना सांगतो आणि वेळ झाली की थरथरतो. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी.

मला सगळ्यांत आवडलेली युक्ती मात्र मुकी आहे. ब्रिटनमध्ये बटणाच्या खोक्याच्या तळाशी अंगठ्याएवढा एक खाचांचा शंकू असतो. वरून दिसत नाही. खाली बोटं घातली तरच सापडतो. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला की तो बोटांमध्ये फिरायला लागतो. १९८० च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठात ही कल्पना घडली. रोज त्या खांबाशी उभे राहणाऱ्या कित्येक डोळसांना ती माहीतच नसते. मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ दोन बोटं हवेत धरून काहीतरी फिरवत बसला होता.

तंत्र नाही म्हणून काम अडलं, असं या विषयात कधीच नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये आवाज करणारा पहिला सिग्नल १९५७ मध्ये बसला. ऑक्टोबर २०२० मध्ये तिथल्या फेडरल न्यायालयाने निकाल दिला तेव्हा शहरातल्या तेरा हजारांहून अधिक सिग्नलच्या चौकांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त चौक अजून मुकेच होते. त्रेसष्ट वर्षं! पुढच्या वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, न्यायालयाने २०३१ पर्यंत नऊ हजारांहून अधिक चौकांत ही यंत्रं बसवायचा आदेश दिला. दृष्टिहीनांना खटला भरावा लागला, तेव्हा कुठे टकटक सुरू झाली.

उतारांचं असंच. अमेरिकेतल्या कालामाझू शहरात १९४५ मध्ये काही कोपऱ्यांवर प्रयोग म्हणून सिमेंटचे उतार केले गेले. सैन्यात जखमी झालेले जॅक फिशर नावाचे वकील त्यामागे होते. युद्धातून परतलेल्या अपंग सैनिकांना कामावर जायचं होतं आणि मध्ये फुटपाथच्या कडा आडव्या येत होत्या. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात, पोलिओमुळे मानेखालचं शरीर जवळजवळ निकामी झालेले एड रॉबर्ट्स आणि त्यांच्यासारखेच विद्यार्थी एकत्र आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या रस्त्यांवर रीतसर उतार येऊ लागले. काही जण रात्री सिमेंटची पोती घेऊन जायचे आणि स्वतःच उतार ओतायचे, अशा गोष्टी बर्कलीत अजून सांगतात. खऱ्या किती, वाढीव किती, कोण जाणे. पण आमच्या ताईला त्या फार आवडतात. "पोतं उचलायला तू आहेसच," असं ती मला सांगून ठेवते.

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा आला १९९० मध्ये. पण कायद्याने नवं बांधकाम नीट झालं, जुन्या कडांचं काय? फिलाडेल्फियात हा वाद न्यायालयात गेला, आणि १९९३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने एक फार व्यवहारी गोष्ट मान्य केली. रस्त्यावर डांबराचा नवा थर चढवणं म्हणजे डागडुजी नव्हे, तो रस्त्यातला बदल आहे. बदल करताय ना? मग त्याच वेळी कोपऱ्यांवर उतारही करा. हा निकाल वाचताना मला ताईचं खरचटलेलं कोपर आठवलं. तिला पाडलं ते अशाच नव्या थराने. रस्ता गाड्यांसाठी गुळगुळीत झाला आणि त्याच कामात तिच्यासाठी पायरी उभी राहिली. डांबर ओतणाऱ्याचं काम रस्त्याच्या कडेशी संपतं, फुटपाथवाल्याचं तिथे सुरू होतं, आणि ती दोन सेंटिमीटर कुणाच्याच वहीत नसतात. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराने तर २००४ मध्ये खटल्यातल्या समझोत्यात कबूल केलं की दर वर्षीच्या वाहतूक निधीतला वीस टक्के वाटा फुटपाथ आणि ओलांडण्याच्या जागा नीट करण्यावर खर्च करू, तीस वर्षांपर्यंत. तीस वर्षं! कड बसवायला एक सकाळ लागली असेल.

वेळेचा हिशेबही असाच जुना आहे. कित्येक सिग्नल माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून लावले गेले. बारा मीटरचा रस्ता, दहा सेकंद. इंग्लंडमधल्या पासष्टीपुढच्या लोकांचा वेग तपासणारा अभ्यास २०१२ मध्ये आला, त्यात सरासरी निघाली पुरुषांची ०.९ आणि स्त्रियांची ०.८ मीटर. म्हणजे दहा सेकंद संपतात तेव्हा आजी आठ मीटरवर असतात आणि पुढे चार मीटर रस्ता. सिंगापूरने यावर २००९ पासून एक साधा उपाय केला. ज्येष्ठ किंवा अपंग व्यक्तीने आपलं कार्ड खांबावर टेकवलं की हिरवा दिवा तीन ते तेरा सेकंद जास्त थांबतो. तेरा सेकंद उशीर झाला म्हणून कुठल्या गाडीवाल्याचं दिवाळं निघालं असेल असं मला वाटत नाही.

या विषयावर कुणी बोलायला लागलं की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं: "उतार काय, सगळ्यांच्याच उपयोगी पडतात. बाळाची गाडी ढकलणारे, चाकांच्या बॅगा ओढणारे, सामान पोचवणारे..." खरं आहे. पण मला तो युक्तिवाद ऐकून हल्ली थोडा राग येतो. बॅगेची चाकं ताईच्या चाकांची शिफारस करायला का आणावी लागतात? समजा, उतार फक्त तिच्याच उपयोगाचा असता, टकटक फक्त माझ्या मित्राच्याच. तर ती बसवायची नाहीत का? जिना सगळ्यांच्या उपयोगी पडतो का, असं जिना बांधताना कुणी विचारत नाही.

ताई पडली होती त्या कोपऱ्याबद्दल आम्ही अर्ज केला. मी मसुदा केला होता: "अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी उतार दुरुस्त करून मिळावा ही नम्र विनंती." ताईने तो वाचला, पेन मागितलं आणि "सोयीसाठी" खोडलं. मग "नम्र विनंती" खोडलं. वर लिहिलं, "या कोपऱ्यावर फुटपाथचं काम अपुरं राहिलं आहे." खाली माझ्या मोजमापांचे आकडे, आणि मित्राने सांगितलेली तीन वाक्यं: ठिपके हवेत, उतार दोन हवेत, खांबाला आवाज हवा. उत्तर आलं नाही. पुन्हा पाठवला. मग तिसऱ्यांदा. सारं सांगत बसत नाही. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला तो रस्ता पाठ असतो.

आणि एका सकाळी कोपरा खणलेला दिसला.

काम पुरं झालं तसे आम्ही तिघं गेलो. मी फोन सिमेंटवर ठेवला: एकास बारापेक्षाही किंचित संथ. तळाशी हात फिरवला, पायरी नाही. ठिपके पिवळेजर्द. मित्राने काठीने एक ठिपका, मग दुसरा, असा अंदाज घेतला आणि दोन्ही पावलं ठिपक्यांवर ठेवून उभा राहिला. खांब टिकटिकत होता. बटण मात्र उताराच्या अंगावरच आलं होतं; ताईला ते दाबायला एका हाताने चाक धरून ठेवावं लागत होतं, नाहीतर खुर्ची घरंगळत होती. "लिहून ठेव," ती मला म्हणाली. मी लिहिलं.

पलीकडच्या बाजूला जुनी कड तशीच होती. पंधरा सेंटिमीटर, अखंड. त्या बाजूचं काम पुढच्या टप्प्यात आहे, असं कळलं. म्हणजे हिरव्या दिव्यावर इकडून उतरायचं आणि तिकडे पोचून कडेशी तोंड लावून उभं राहायचं, दिवा लाल होईपर्यंत.

टकटक सुरू झाली. ताई उतरली. पुढची चाकं डांबरावर गेली, मला आवाजसुद्धा आला नाही. तिने दोन हात पुढे जाऊन गिरकी घेतली आणि पुन्हा वर आली. दिवा लाल झाला. आम्ही थांबलो. पुन्हा हिरवा झाला, तशी ती पुन्हा उतरली, वळली, वर आली. एक माणूस मदतीला पुढे झाला. "नको," ती म्हणाली, "मी कुठेच जात नाहीये." तिसऱ्या वेळी मित्र म्हणाला, "ताई, किती वेळा?"

"थांब रे जरा," ती म्हणाली आणि पुढच्या हिरव्याची वाट बघत चाकांवर हात ठेवून बसली.